आवारात प्रत्यक्ष हजर

सोमवारी सकाळी नऊ वाजता आमची शाळा अस्तित्वात नसल्याचं मला माझ्याच फोनने सांगितलं.

मी पायरीवर उभा होतो. मागे माझे तिसरी-चौथीचे वीर सातचा पाढा म्हणत होते आणि सात आठे छप्पनला नेहमीसारखी निम्मी फौज गारद होत होती. रोजची हजेरी फोनवरून भरावी लागते, म्हणून मी शिक्षण खात्याचं अ‍ॅप उघडलं आणि शाळेचा क्रमांक टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘ही शाळा बंद करण्यात आली आहे. विद्यार्थी नव्या शाळेत वर्ग.’ मी क्रमांक पुन्हा टाकला. फोन बंद करून चालू केला, शर्टाला पुसला. लाल अक्षरं जागची हलली नाहीत. आत पोरं छप्पन ओलांडून त्रेसष्टला पोचली होती.

मी धावतच शेजारच्या खोलीत गेलो. मोठ्या बाई एका पोरीचा हात धरून तिच्याकडून पाटीवर अक्षर गिरवून घेत होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. दोन खोल्या, चार वर्ग, अडतीस मुलं आणि आम्ही दोघं, एवढाच आमचा पसारा. मी त्यांच्यासमोर फोन धरला. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खोडसाळपणा केलाय.

"हे काय आहे?"

"बाई, आपण बंद झालोय."

"काहीतरीच. मुलं बसलीत ना इथे."

मुलं बसली होती हे खरंच होतं. पण खात्याला ते कोण सांगणार?

आमच्या शाळेचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेड्याचा बाजार वाटेल. दारापाशी एक लहान फळा आहे. त्यावर रोज सकाळी लिहायचं, पट किती, हजर किती. असा फळा सगळ्याच शाळांत असतो आणि सगळीकडे तो शोभेलाच असतो. आमच्याकडे नाही. बाई स्वतः मोजायच्या. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायच्या. एखादं पोर पोट दुखतं म्हणून घरी गेलं तर फळ्यावरचा आकडा पुसून एकाने कमी करायच्या. लिहिण्याचं काम चौथीतल्या एका मुलीकडे होतं. शिंप्याची मुलगी. दोन वेण्या, हनुवटी वर, चालणं थेट बाईंसारखं. म्हणून तिला सगळी शाळा छोट्या बाई म्हणायची. एकदा मी गमतीने म्हटलं, "छोट्या बाई, दोन आकड्यांनी काय बिघडतं? लिही की पूर्ण." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला मास्तर असल्याची लाज वाटली.

मोठ्या बाई कुणाला मारत नसत. खोटं बोललेल्या मुलाला त्यांच्याकडे एकच शिक्षा होती. त्या दिवशी त्या त्याच्याशी बोलायच्या नाहीत. दिवसभर एक शब्द नाही. छडीला न घाबरणारी पोरं दुपारपर्यंत रडकुंडीला येत.

तर अशा बाईंच्या हातून आमची शाळा बंद झाली होती. ते कसं, हे आम्हाला कचेरीत गेल्यावर कळलं.

बाईंनी शिंप्याला निरोप धाडला. तो पालकांच्या समितीचा अध्यक्ष. त्याच्या आजोबांनी आणि गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून या दोन खोल्या बांधल्या होत्या. पुढे खात्याने शाळा ताब्यात घेतली, आणि तेव्हापासून छपराचं एक कौल बदलायचं तरी आम्हाला तीन कागद पाठवावे लागतात. मागे घंटेची दोरी तुटली तेव्हा मंजुरी यायला सात महिने लागले. तोवर मी ताट बडवत होतो. आणि अख्खी शाळा बंद करायला? कुणाला विचारावं लागलं नाही.

शिंपी गळ्यात टेप अडकवूनच आला. बाईंचं ऐकून तो मटकन बाकावर बसला. बाक पहिलीचा होता, त्यामुळे त्याचे गुडघे छातीला लागले.

"बंद म्हणजे? मग ही पोरं जायची कुठे?"

"हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत," मी म्हणालो. पाच किलोमीटर. मधला रस्ता आठ पदरी, आणि ओलांडायला साधा पूल नाही.

"माझी पोरगी तो रस्ता ओलांडणार नाही," शिंपी म्हणाला. "मी घरी बसवीन तिला. सगळेच बसवतील. अहो, शाळा आपली, आणि बंद करणारे हे कोण?"

आम्ही पोरं त्याच्या हवाली केली आणि बस पकडली. बाहेरच्या माणसाला वर्गावर बसवायलाही मनाई आहे, पण ज्या शाळेचं नावच उरलं नाही तिथे नियम कुणाला लागू होणार? त्याने म्हणे दिवसभर सगळ्यांना बटण लावायला शिकवलं.

कचेरीतले साहेब वयाने माझ्याहून लहान होते आणि वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट असते तर त्यांच्यावर ओरडून तरी मोकळं होता आलं असतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"बाई, दर वर्षी एक पडताळणीचा दिवस असतो. कुठला ते आधी कुणालाच माहीत नसतं, यंत्रच निवडतं. त्या दिवशी ज्या शाळेत दहापेक्षा कमी मुलं, ती शाळा आपोआप बंद. यंदा अठरा तारीख निघाली." त्यांनी बोट ठेवलं. "तुमची नोंद बघा. आवारात प्रत्यक्ष हजर, शून्य. खाली तुमचं नाव."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अठरा तारीख मला चांगली आठवत होती.

अठरा तारखेला नदीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन होतं. वरचे मोठे साहेब येणार म्हणून याच खात्याने हुकूम काढला होता की पंधरा शाळांची सगळी मुलं सकाळी आठला पुलावर हजर पाहिजेत, हातात कागदी झेंडे घेऊन, दोन्ही बाजूंना. आम्ही छत्तीस मुलं नेली. दोन तापाने घरी होती. मोठे साहेब आले अडीच वाजता. साडेसहा तास पोरं उन्हात उभी. छोट्या बाई एकच्या सुमाराला चक्कर येऊन पडल्या. मी त्यांना खांद्यावर टाकून सावलीत नेलं, तर शुद्धीवर आल्याआल्या विचारतात काय, "सर, सगळे आहेत ना? मोजलं का?"

हजेरी मात्र त्याही दिवशी भरायचीच होती. पुलावरच फोन काढून मी म्हटलं, "बाई, छत्तीस टाकतो."

"कुठे छत्तीस?"

"ही काय, उभी आहेत ना."

"रकान्यात काय लिहिलंय? आवारात प्रत्यक्ष हजर. हे आवार आहे का? आवारात आत्ता कोण आहे?"

"आवारात कुत्रंही नसेल बाई."

"मग शून्य टाका."

मी शून्य टाकलं. बाकीच्या चौदा शाळांनी आपापली मुलं बिनदिक्कत आवारात बसवली. कुणाला त्यात खोटं बोलतोय असंही वाटलं नसेल. माझंही बोट छत्तीसवर होतंच की! मी थोडा हट्ट धरला असता तर? पण बाईंशी हट्ट कोण धरणार.

मी साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, मुलं तुमच्याच पुलावर होती! तुम्हीही होतात तिथे. आमची पोरगी पडली तेव्हा तुमच्याच गाडीतली पाण्याची बाटली आणली मी."

"मला माहीत आहे, सर," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "मला सगळं माहीत आहे. पण माझ्या माहीत असण्याला इथे जागा नाही. हे बघा."

पडद्यावर एक फॉर्म होता. ‘हजेरी शून्य असण्याचं कारण निवडा.’ खाली तीन पर्याय. विद्यार्थीच नाहीत. नोंद चुकीची भरली. इमारत कोसळली.

बाई बराच वेळ ते तीन पर्याय वाचत राहिल्या. "चौथा कुठे आहे?"

"चौथा नाही."

"मुलं खात्याच्या हुकमाने बाहेर होती. हुकमाचा कागद माझ्याकडे आहे. तो जोडते."

"जोडायची सोय नाही, बाई. आणि वर पाठवला तर वरचे म्हणतील, बाकी चौदा शाळांची मुलंही पुलावर होती, त्यांची हजेरी पूर्ण कशी? मग चौदांची चौकशी. सगळे अडकतील आणि तुमची शाळाही वाचणार नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "दुरुस्तीची मुदत आज पाचपर्यंत आहे. उद्या तुमचे दाखले आपोआप पलीकडच्या शाळेत जातील. तुम्ही दुसरा पर्याय निवडा. प्रतिज्ञापत्र द्या की अठरा तारखेला छत्तीस मुलं आवारातच होती आणि शून्य माझ्या चुकीने पडलं. मी लगेच मंजूर करतो."

"म्हणजे खरं लिहिलं ते खोटं होतं असं मी लिहून देऊ?"

साहेबांनी पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"शपथेवर?"

"फॉर्मच तसा आहे, बाई."

त्या कचेरीत मी जेवढा हादरलो तेवढा आयुष्यात कधी हादरलो नव्हतो. यात कुणी दुष्ट नव्हतं, कुणी लाच मागत नव्हतं. एक चांगला माणूस, एका त्याहून चांगल्या बाईला, पाणी पाजून, खोटं बोलायला सांगत होता आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं. मला स्वतःलाच वाटत होतं की बाईंनी पटकन सही करावी आणि आपण चारची बस गाठावी. माझा मलाच संताप आला.

"इमारत कोसळली हेच निवडते," बाई म्हणाल्या. "ते जास्त खरं आहे."

साहेब हसले नाहीत. मीही नाही. पावणेपाच वाजता बाईंनी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार, रेघ न सोडता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. फोनवर लाल अक्षरं नव्हती. मी पेढे वाटावेत तसा खूष होतो. शिंप्याने गल्लीभर सांगितलं की मोठ्या बाईंनी शाळा वाचवली. पण बाई त्या दिवशी कुणाशीच बोलल्या नाहीत. फळ्यावर लिहून शिकवलं, बोटाने दाखवलं, मान हलवली. पहिलीची पोरं बावरली. मधल्या सुट्टीत छोट्या बाई माझ्याकडे आल्या.

"सर, बाई कुणाशी बोलत नाहीयेत. खोटं कोण बोललं?"

मी म्हणालो की बाईंचा घसा बसलाय. तेवढं मला बरं जमतं.

प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो होतो. बाराव्या दिवशी खात्याचं पाकीट आलं. मी फोडलं, वाचलं, आणि माझे डोळे पांढरे झाले. कारणे दाखवा नोटीस होती. ‘आपण शपथेवर नमूद केल्यानुसार अठरा तारखेला आपल्या शाळेतील सर्व छत्तीस विद्यार्थी शाळेच्या आवारात होते. सबब, पूल उद्घाटनासाठी विद्यार्थी पाठवण्याच्या आदेशाचे आपण पालन केलेले नाही. आपल्यावर कारवाई का करू नये?’

मी ते तीनदा वाचलं. मग हसायला आलं. बाकी चौदा शाळांनीही मुलं आवारातच दाखवली होती, पण त्यांचा आकडा कुणी बघितलाच नव्हता. आमचा आकडा प्रतिज्ञापत्रावर बसून टेबलामागून टेबल फिरत योग्य जागी पोचला होता.

"बाई, आता काय?"

बाईंनी नोटीस घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. "आता काय म्हणजे? मुलं पाठवली असं लिहिलं तर शपथ खोटी ठरते आणि शाळा जाते. नाही पाठवली लिहिलं तर मी जाते. सोपं आहे."

"पण तुम्ही तर पाठवली होती!"

"ते आता आपल्या दोघांनाच माहीत आहे, सर."

दोघांनाच नव्हतं. अडतीस जणांना माहीत होतं, आणि चौकशी अधिकारी त्यांनाच विचारायला येणार होत्या.

त्या शुक्रवारी आल्या. आदल्या संध्याकाळी मी माझ्या वर्गातला फोटो उतरवला. खात्यानेच पाठवलेला, चौकटीसकट. पुलाच्या कठड्याशी आमची पोरं, हातात झेंडे, डोळे उन्हाने बारीक, छोट्या बाई पहिल्या रांगेत. भिंतीवर फिकट चौकोन उरला. बाईंनी मला फोटो कपाटामागे सरकवताना पाहिलं. त्या शेजारच्या खोलीच्या खिडक्या लावायला गेल्या.

चौकशी अधिकारी नीटनेटक्या, मृदू आवाजाच्या होत्या. दोन्ही खोल्यांतली मुलं एका खोलीत बसवली. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "मुलांनो, पुलाचं उद्घाटन झालं त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? घाबरू नका. खरं सांगा."

डोळ्यांच्या अडतीस जोड्या मोठ्या बाईंकडे वळल्या. एका पोराने तोंड उघडलं तरी संपलं होतं.

"तू सांग," अधिकारी म्हणाल्या, आणि नेमकं छोट्या बाईंकडे बोट दाखवलं. हनुवटी वर असलेलं पोर वर्गात पटकन दिसतं.

ती उभी राहिली. "त्या दिवशी ना..." ती म्हणाली आणि थांबली. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिला काहीही सांगितलं नव्हतं, कुणालाच पढवलं नव्हतं. मी चार वेळा म्हटलं होतं, पोरांना सांगून ठेवू या. बाईंनी चारही वेळा नाही म्हटलं होतं. मला वाटतं, त्यांना आतून कुठेतरी हवं होतं की एखाद्या पोराने खरं बोलून टाकावं. पण खिडकीबाहेर शिंपी उभा होता, गळ्यात टेप, आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली.

"सांग ना ग," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आपण शाळेत होतो. हो ना?"

छोट्या बाईंचा चेहरा मी विसरू शकत नाही. कुणी भर वर्गात थोबाडीत द्यावी तसा झाला. तोंड थोडं उघडं राहिलं. ती बाईंकडे बघत होती, जणू या कुणी दुसऱ्याच बाई आहेत आणि आपल्या बाई कुठेतरी बाहेर राहिल्यात.

"हो," ती शेवटी म्हणाली. "शाळेत होतो."

"सगळे?"

"सगळे." आणि मग अगदी हळू, सवयीने, "मोजले होते."

मागून सगळ्या पोरांनी एका सुरात ‘हो’ म्हटलं. पाढा म्हणतात तसं, एकही जण न अडखळता. अधिकाऱ्यांनी वहीत लिहिलं, बाईंची सही घेतली, आणि सभ्यपणे निरोप घेऊन गेल्या. शाळा वाचली. बाईंना महिनाअखेर कार्यमुक्त करण्याचा हुकूम संध्याकाळी आला, आदेशाचं पालन न केल्याबद्दल. नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी कपाटाला लाथ मारली. मागचा फोटो खाली पडून काच फुटली, तेवढंच माझं शौर्य.

सोमवारी सकाळी मी आणि मोठ्या बाई बरोबरच पायरी चढलो. छोट्या बाई आमच्या आधी आल्या होत्या. हात खडूने पांढरा. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, पट अडतीस, हजर अडतीस.

बाई आत गेल्या आणि मोजून बाहेर आल्या. "छत्तीस आहेत," त्या म्हणाल्या. "दोन कमी."

"माहीत आहे," छोट्या बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर खोडी नव्हती की भीती नव्हती. कामाचं बोलावं तसं म्हणाल्या, "पण कमी लिहिलं तर शाळा बंद होते ना, बाई?"

बाईंनी डस्टर उचललं. मला वाटलं, आता पुसतील, छत्तीस लिहितील, आणि छोट्या बाईंशी दिवसभर बोलणार नाहीत. एवढ्या वर्षांत एकालाही ही शिक्षा चुकली नव्हती. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. डस्टर आकड्याच्या अगदी जवळ नेलं. मग खिळ्याला परत अडकवलं.

"ते दोघं का नाही आले, विचारलंस का?"

"एकाला ताप आहे. दुसरा मामाकडे गेलाय."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातावरचा खडू आपल्या पदराने पुसला आणि तिला घेऊन आत गेल्या. त्या दिवशी त्या तिच्याशी नेहमीसारख्या बोलल्या. फळा संध्याकाळपर्यंत तसाच होता.